पिकअपमधला चौथा

मी या ग्रुपवर तीन वर्षं आहे, पण आजपर्यंत साधी कमेंटसुद्धा केलेली नाही. तुमचे अनुभव वाचते आणि, खरं सांगायचं तर, प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्याचं कारण शोधून ठेवते. झोप झाली नसेल... वाऱ्याने दार आपटलं असेल... सांगणाऱ्याने थोडं वाढवून सांगितलं असेल. माझं बीएस्सी फिजिक्समध्ये झालंय. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिताना कुठे अडखळले तर समजून घ्या. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आम्ही कोल्हापूरला, फुलेवाडीच्या पुढे राहतो. बाबा पिकअपमधून अंडी वाहतात. खायची नाही, उबवायची अंडी. शाहूवाडीकडच्या एका फार्मवर सकाळी भरायची आणि ऊन तापायच्या आत हातकणंगल्याजवळच्या हॅचरीत उतरवायची, आठवड्यातून तीन खेपा. खायचं अंडं हललं तर फरक पडत नाही. उबवायचं अंडं वाटेत सतत थरथरत राहिलं तर त्यातून पिल्लू निघत नाही. बाहेरून काहीच कळत नाही, एकवीस दिवसांनी मशीन उघडल्यावरच समजतं. पुढचं सगळं यावर आहे म्हणून आधी सांगितलं.

जुनी पिकअप अकरा वर्षं चालली. डब्यासारखी खडखडायची, पण अंड्यांची तक्रार कधी आली नाही. आई-बाबा दोघं मिळून हे काम करायचे. ट्रे रचायचे आईनेच, आणि प्रत्येक खेपेला ती बाबांच्या शेजारी बसून जायची. मी शाळेत, मग कॉलेजात, त्यामुळे त्यांच्याबरोबर फार कमी वेळा गेले. नवीन गाडी घ्यायची हे आईचंच ठरलेलं होतं. गाडी आली तेव्हा आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

गाडी आणायला आम्ही तिघं निघालो — बाबा, मी, आणि नेसरीहून मुद्दाम आलेली आत्या, बाबांची थोरली बहीण. चपला घालताना आत्या थांबली.

"तिघांनी न्हाई जायचं गाडी आणाय. सई, एक खडा घे हातात. चौथा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चांगल्या कामाला तिघं जात नाहीत, म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा. परत आल्यावर तो होता तिथे ठेवायचा. मला एकदम राग आला. चौघं नव्हतो का आम्ही? आणि आता आईच्या जागी खडा? पण मी मोठ्यांसमोर बोलत नाही, कुणासमोरच फारशी बोलत नाही. अंगणातल्या नळाखालून हाताला लागला तो गोटा उचलला. बादली भरताना चिखल उडू नये म्हणून आईने तिथे गोटे पसरले होते. तिच्या माहेरच्या, बिद्रीजवळच्या नदीतले. जुन्या पिकअपमधून दोन पोती भरून आणले होते तिने.

शोरूममध्ये आम्हाला पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढला. त्या फोटोत आम्ही तिघं आहोत, आणि माझी उजवी मूठ बंद आहे.

घरी आलो. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली. आत्याने विचारलं, खडा ठेवलास? मी हो म्हटलं. ठेवला नव्हता. डॅशबोर्डच्या डाव्या खणात, कागदांच्या मागे सरकवला होता. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. परत ठेवला की आम्ही पुन्हा तिघं होणार होतो, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवसापासून थरथर सुरू झाली.

चाळीसच्या वर काटा गेला की यायची, चाळीसच्या खाली आला की जायची. जास्त डाव्या बाजूला — सीटमध्ये, डॅशबोर्डमध्ये. बाबांना स्टिअरिंगवरही जाणवायची. कॉलेज संपून मी घरीच होते, म्हणून खेपेला बरोबर जायला लागले होते, त्यामुळे डावी सीट माझी. इंजिनाची थरथर एकसारखी असते. ही तशी नव्हती. वाढायची, ओसरायची, पुन्हा यायची... कोणीतरी दात आवळून काहीतरी सहन करतंय, तशी.

वर्कशॉपला चार वेळा गेलो. व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, इंजिनाखालची रबरं बदलली, चौथ्या वेळी मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टसुद्धा काढून तपासला. प्रत्येक वेळी त्यांचा माणूस आम्हाला बसवून हायवेवर ऐंशीने गाडी पळवायचा. गाडी लोण्यासारखी चालायची. तो माणूस अतिशय नम्र होता आणि त्यामुळे जास्तच अपमान व्हायचा. म्हणाला, जुन्या गाडीची सवय असली की नव्या गाडीत असं वाटत राहतं, सर. बाबांनी किल्ली घेतली. परत येताना रंकाळ्यापर्यंत ट्रॅफिक होतं. रस्ता मोकळा झाला, काटा एक्केचाळीसवर गेला, आणि माझ्या गुडघ्यांखाली ती परत सुरू झाली. आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

मग हॅचरीतून फोन आला. पहिल्या खेपांची मशीन उघडली होती, निम्मीसुद्धा पिल्लं निघाली नव्हती. पुढच्या आठवड्यातही तेच. हॅचरीचे मालक चांगले आहेत, अकरा वर्षांची ओळख. ते स्वतः गाडीपाशी आले, ट्रेवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "सुभाषराव, आणखी एक आठवडा तुमची अंडी मशीनला लावतो. त्यातनं पिल्लं न्हाई निघाली तर मला दुसरी गाडी बघाय लागंल."

बाबांनी दुसरं काम कधी केलेलं नाही. हळू जायचं म्हटलं तर पोचेपर्यंत ऊन चढतं, आणि तेही अंड्यांना चालत नाही. दोन्हीकडून अडकलो होतो. बाबा जेवताना ताटावर बोटांनी ठेका धरायचे आणि लक्षात आलं की हात मागे घ्यायचे. मी फोनवर कंपन मोजायचं अ‍ॅप घेतलं, फोन डॅशबोर्डला टेपने चिकटवला आणि वहीत लिहायला लागले — वेग, रस्ता, गाडी भरलेली की रिकामी. आलेख दातेरी यायचा. म्हणजे भास नव्हता. पण पुढे काय, ते त्यातून कळत नव्हतं.

शेवटी बाबा मला घेऊन उद्यमनगरात दिलावर मिस्त्रींकडे गेले. जुनी पिकअप त्यांच्याच हातची. सत्तरीच्या पुढचे असतील. मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला.

"झ्याक काढलीयास रांगोळी," म्हणाले. "चल, बसू गाडीत."

हायवेच्या सर्व्हिस रोडवर बाबा चालवत होते, मी मध्ये, मिस्त्री डावीकडे. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवून डोळे मिटले. एक्केचाळीसला त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हाय की. कोण म्हणतंय न्हाय?"

मला एकदम रडूच आलं, मी समोरच्या काचेतून बाहेर बघायला लागले. मिस्त्रींनी तळहात डॅशबोर्डवरून सीटवर, सीटवरून दारावर नेला. मग म्हणाले, "गाडीत हाय. पर गाडीचं न्हाय ह्ये."

त्यांची पद्धत साधी होती. एकेक वस्तू काढायची आणि दर वेळी चक्कर मारायची. काढलेल्या सामानापाशी बाबांना झाडाखाली बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि मला डावीकडे घेतलं. स्टेपनी काढली. जॅक काढला. ट्रेचे रॅक, पायातली मॅट, सीट कव्हर, लिंबू-मिरची. डॅशबोर्डवरचा गणपती काढताना "माफ कर देवा" म्हणाले आणि स्वतःच बाबांच्या हातात नेऊन दिला. थरथर तशीच.

"त्यो खण रिकामा कर."

मी कागद काढले, पेन काढलं, सॅनिटायझरची बाटली काढली. आणि थांबले.

"अजून हाय काय त्यात?"

मी गोटा काढून तळहातावर धरला. त्यांनी विचारलं, ह्ये कशापायी? आणि जे मी बाबांना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सगळं मी त्यांना सांगितलं. खडा, आत्या, नळ, आई.  त्यांनी गोटा माझ्या हातून घेतला, खाली उतरून रस्त्याकडेच्या कठड्यावर ठेवला आणि गाडी काढली.

पन्नास. साठ. सत्तर. काही नाही.

परत आलो, गोटा खणात ठेवला. एक्केचाळीसला सुरू. खणात वाजत असेल म्हणून त्यांनी तो फडक्यात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवला. तरी सुरू. पुन्हा कठड्यावर ठेवला — बंद. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर पुसले.

"बाळ, माझं काम गाडीचं. गाडी चांगली हाय तुझी. बाकी मला इचारू नको. जिथनं आणलास तिथं ठेव जा ह्यो."

तेव्हा कुठे वर्कशॉपचं कोडं सुटलं. गाडी आत घेण्याआधी ते दर वेळी सांगायचे, गाडीतल्या तुमच्या वस्तू काढून घ्या. मी कागद आणि गोटा पर्समध्ये टाकायचे आणि पर्स त्यांच्या काउंटरवर ठेवून टेस्ट ड्राइव्हला बसायचे. चारही वेळा. फिजिक्स शिकलेल्या मुलीच्या वहीत वेग होता, रस्ता होता, फक्त हे नव्हतं.

तुम्हाला वाटेल मी घरी जाऊन लगेच तो परत ठेवला. नाही ठेवला. मिस्त्रींनी बाबांना गाडी ठीक आहे एवढंच सांगितलं होतं, आणि शहरातून घरी येताना काटा चाळीसपर्यंत गेलाच नाही. दुपारभर पर्स मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी खेप होती, हॅचरीच्या मालकांनी दिलेल्या शेवटच्या आठवड्यातली पहिली. गोटा कपाटात ठेवून खेपेला जाता आलं असतं, तेही डोक्यात येऊन गेलं. शेवटी आत्याला फोन केला आणि मी खोटं बोलले होते ते सांगितलं. वाटलं ओरडेल. 

"चौघं गेलो, चौघं आलो," ती म्हणाली. "उतरलो मात्र तिघंच व्हय गं?"

मी पर्समधून गोटा काढून हातात घेतला.

"दीड म्हैना गाडीत बसवून ठेवलंयस त्याला. उतरू दे की, बाई."

मी उन्हातच अंगणात गेले. नळ सोडला, गोटा धुतला, होता तिथे ठेवला. पाणी चालू होतं तोवर कुठला तो कळत होतं. नळ बंद करून परत बघितलं तर सगळे सारखेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी भरून परत येताना वाघबिळाचा उतार लागला. मी फोन चिकटवला होता. चाळीस, पन्नास, पंचावन्न. आलेख जवळजवळ सपाट. बाबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्रीनं काय केलं म्हणायचं?"

"एक खडा होता गाडीत. तो काढला."

"कुठला खडा?"

"अंगणातल्या नळाखालचा," मी म्हटलं. "गाडी आणायला गेलो तेव्हा घेतलेला. मी परत ठेवला नव्हता."

आंबेवाडी आली तसा बाबांनी गिअर बदलला. मग समोर बघतच म्हणाले, "चाळीसच्या वर लागायची तिला."

"काय?"

"गाडी. तुझ्या आईला. चाळीसच्या वर गेलं की डॅशबोर्डवर हात ठेवून, दात आवळून बसायची. हळू घ्या म्हणून कधी म्हणाली न्हाई. अंडी येळेत पोचाय पायजेत ना."

अकरा वर्षं, आठवड्यातून तीनदा. मला वाटायचं तिला गाडीतून फिरायला आवडतं.

त्या आठवड्याच्या अंड्यांची मशीन एकवीस दिवसांनी उघडली. ते तीन आठवडे बाबांनी आणि मी कसे काढले ते लिहीत नाही. हॅचरीच्या मालकांनी फोन करून एवढंच सांगितलं की पिल्लं पहिल्यासारखी निघाली, उद्याची खेप चुकवू नका. बाबांनी फोन ठेवला आणि गाडी धुवायला घेतली.

परत ठेवायच्या आधी तो गोटा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता. बासष्ट ग्रॅम, एका अंड्याएवढा. माझ्या कॉलेजच्या सरांना नावं न सांगता विचारलं. ते रेझोनन्सबद्दल बोलले. मग मी फडक्याचं आणि खिशाचं सांगितलं, तर म्हणाले, मोजण्यात चूक असेल. असेलही. आईचा चाळीसचा आकडा मला आधी माहीत नव्हता, आणि तो माझ्या वहीत पहिल्या पानापासून आहे, एवढंच मी सांगू शकते. याचं कारण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी खरंच वाचेन.

परवा बाबा आत चहा करत होते तेव्हा मी अ‍ॅप चालू केलं आणि फोन नळाखालच्या गोट्यांवर उताणा ठेवला. रेघ सरळ होती, एकदम सरळ. बाबांनी आतून विचारलं, काय करतीस गं? मी म्हटलं, काही नाही. चहा गार होईपर्यंत फोन तिथेच ठेवला होता.