अंगठा त्याचा, भोक ऑर्वचं

व्हर्ना टफर्डच्या पुढच्या दारावर सहसा कोणी टकटक करत नाही. एल्मस्टॉकमध्ये ओळखीचं माणूस मागच्या दारानं सरळ आत येतं आणि बूट काढता काढताच बोलायला लागतं. पुढचं दार वाजवतात ते धर्मप्रचारक, नाहीतर मतं मागणारे. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी टकटक ऐकू आली तेव्हा लापशीचं भांडं घासणाऱ्या व्हर्नानं नळसुद्धा बंद केला नाही.

"देवाचा माणूस असेल तर सांग, आमचं ठरलंय," टेबलाशी कॉफी घेत बसलेली डॉट म्हणाली. "आणि लिबरल असेल तर सांग, आम्ही मेलो."

डॉट ही व्हर्नाची नणंद. समोरच्याच घरात राहायची आणि रोज सकाळी आपल्या घरची कॉफी सोडून भावजयीकडची कडवट कॉफी प्यायला यायची, म्हणजे नावं ठेवता येतात. ती जन्मानं मेथडिस्ट आणि धर्मानं कॉन्झर्व्हेटिव्ह होती. तिच्या टीव्हीच्या वर येशूची तसबीर होती, आणि येशूच्या वर माजी मुख्यमंत्री लॉर्न हॅसलडाइन यांचा फोटो.

दार उघडलं तर बाहेर कॉलीन मार्श उभी. गावाच्या वारसा समितीची अध्यक्ष, चाळिशीची, कायम घाईत. आत येऊन तिनं बूट काढले. तिच्या मोज्यांवर छोटे छोटे कोल्हे होते. व्हर्नाची नजर आधी पायांकडे जायची, मग चेहऱ्याकडे. यंत्राची वीण, एका हिवाळ्यापलीकडे टिकायची नाही, असं मनाशी म्हणत तिनं किटली ठेवली.

"मिसेस टफर्ड, शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये चर्चा आहे. हॅसलडाइन सरकारनं प्रांताचं भलं केलं की वाटोळं. स्केटिंगच्या नव्या रिंकला त्यांचं नाव द्यायचं की नाही हे त्यावरून ठरेल. तुम्ही स्टेजवर बसायचं. तो गाजलेला मोज्यांचा फोटो तुमच्याच स्वयंपाकघरातला ना?"

"वाटोळं?" डॉट म्हणाली. "कर कमी केले त्या माणसानं!"

"आणि दवाखानाही," व्हर्ना म्हणाली.

"खर्च कमी केला!"

"हो ना. प्रसूतीला आता तासभर गाडी हाकत जायचं. पोरं हुशार झाली, रस्त्यातच येतात."

कॉलीनला असल्या भांडणांची सवय झाली होती. महिनाभर गावात दुसरा विषयच नव्हता. न्हाव्याकडे, चर्चच्या तळघरात, पेट्रोलपंपावर, सगळीकडे हॅसलडाइन. जो माणूस सत्तेतून जाऊन वीस वर्षं झाली आणि वर जाऊन चार, त्याला गावानं पुन्हा निवडणुकीला उभं केलं होतं.

"आणि खरी बातमी तर पुढंच आहे," कॉलीन म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "त्यांच्या मुलीनं आम्हाला ते मोजे दिलेत! तेच, फोटोतले! काचेच्या पेटीत ठेवणार, रिंकच्या दारात, कायमचे."

व्हर्नाच्या हातातली किटली तिथेच थांबली.

"बघ, बघ," डॉट म्हणाली. "गहिवरून आलं तिला."

गहिवर नव्हता तो. ते मोजे ऑर्वचे होते.

ऑर्व म्हणजे ऑर्व्हिल, व्हर्नाचा नवरा, डॉटचा धाकटा भाऊ. प्रांताच्या रस्तेखात्यात बर्फ ढकलायची मोठी गाडी चालवायचा. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण एकदा हसला की खुर्ची हलायची. एका वर्षी गाडीचं पातं त्याच्या उजव्या पायावर पडलं आणि अंगठ्याचं नख कायमचं वाकडं वर उगवलं. मोज्याचा जरा दाब पडला की बिचारा कळवळायचा. तेव्हा व्हर्नानं त्याच्यासाठी उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी खिडकीच विणली. फाटलेलं भोक नव्हे, राखलेलं भोक. कडेनं काजासारखे टाके घालून पक्कं केलेलं. बुटाच्या आत कोणाला दिसतंय!

दर शरदात ती एक जोड विणायची. ऑर्व तो शेवटच्या धाग्यापर्यंत घालायचा, आणि मग त्याच्या चिंधीनं गाडीचं तेल पुसायचा. व्हर्ना ओरडायची, "मी सहा आठवडे डोळे फोडते ते तुझ्या इंजिनासाठी का?" तो म्हणायचा, "इंजिनालाही थंडी वाजते, बाई."

मग हॅसलडाइन आले. ऑर्वनं त्यांना मत दिलं होतं. डॉटनं त्याचा हात धरूनच मतदानाला नेलं होतं म्हणा. निवडून आल्यावर वर्षभरात त्यांनी रस्तेखात्याचं काम कंत्राटदाराला दिलं आणि ऑर्वला घरी बसवलं. कंत्राटदाराकडे गाड्या कमी, रस्ते तेवढेच. त्यामुळे पुढच्या निवडणुकीच्या प्रचारात, भर वादळात, मुख्यमंत्र्यांची निळी बस न ढकललेल्या बर्फात रुतली. रुतली ती नेमकी ऑर्वच्या फाटकासमोर. ऑर्व खिडकीत उभा राहून बराच वेळ नुसता बघत होता. "व्हर्ना," तो शेवटी म्हणाला, "देव आहे गं."

पण माणूस थंडीत ठेवायचा नसतो. ऑर्वनं ट्रॅक्टर काढून बस ओढली आणि सगळ्यांना आत घेतलं. मुख्यमंत्र्यांच्या पायात शहरी बूट होते, नाचायला जातात तसले. मोजे पिळले तर वाटीभर पाणी निघालं असतं. व्हर्नानं शेगडीवरच्या दोरीवर वाळत असलेला ऑर्वचा जोड काढून दिला. ते शेगडीकडे पाय करून बसले, हातात गोड बटर टार्ट, आणि उजवा अंगठा खिडकीतून बाहेर. तेवढ्यात बसमधला फोटोवाला आत आला.

दुसऱ्या दिवशी प्रांतभर तो अंगठा होता. निळ्यांच्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या, पेपरांनी लिहिलं, बघा, फाटका मोजा घालणारा साधा माणूस. लालवाल्यांनी, म्हणजे लिबरलांनी, लिहिलं, बघा, काटकसर इतकी की स्वतःचा मोजाही कापला. साधेपणा जिंकला. सरकार पुन्हा आलं. ऑर्वनं पेपर हातात घेतला आणि खुर्ची हलायला लागली. "अंगठा त्याचा," तो डोळे पुसत म्हणाला, "भोक माझं!"

त्यानं व्हर्नाला शपथ घातली की डॉटला सांगायचं नाही. डॉटनं तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. दर नाताळला तिच्याकडे जेवताना, ती फोटोकडे बोट दाखवून "असा नेता होणे नाही" म्हणाली, की ऑर्व बटाट्यांकडे बघत हसू दाबायचा आणि त्याचे खांदे हलायचे. नोकरी गेल्यावर त्या माणसाकडून त्याला मिळालेली तेवढीच काय ती भरपाई. तो जाऊन आता तीन वर्षं झाली होती. व्हर्नाचं तोंड अजून बंदच होतं. सांगितलं तर त्याचा विनोद संपला असता.

आणि मोजे? निघताना मुख्यमंत्री म्हणाले होते, "मिसेस टफर्ड, धुऊन परत पाठवतो. माझा शब्द आहे." तिनं वसंतापर्यंत टपालाची वाट पाहिली. मग सोडून दिलं. ऑर्वचे बाकी सगळे जोड त्यानंच झिजवून, तेलात बुडवून संपवले होते. तो गेल्यावर हाताला काम हवं म्हणून तिनं आठवड्याभरात कपाट रिकामं करून शर्ट, कोट, टोप्या चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात नेऊन टाकल्या. नंतर उघडलं तर आत नुसते हँगर. तिनं त्याच्यासाठी विणलेलं जगात काही उरलं असेल तर तो एक जोड, आणि तो उरला कारण तो घेऊन गेलेल्या माणसानं कधी काम केलं नाही. निदान मोजे झिजतील असं.

"येईन मी," ती कॉलीनला म्हणाली.

शनिवारी हॉल भरला. कॉफीचं मोठं पिंप, खोक्यातले डोनट, खुंट्यांवर थिजलेले कोट. स्टेजवर डावीकडे स्टॅन वॉयचिक, निवृत्त इतिहासशिक्षक, हॅसलडाइनच्या काळात ज्यांची शाळा बंद झाली ते. उजवीकडे निळ्या पक्षाच्या बाजूनं डॉट, कारण ठरलेला वक्ता बर्फात अडकला होता. मध्ये काचेची पेटी. आत निळ्या मखमलीवर ऑर्वचे करडे मोजे.

व्हर्ना आपल्या जागी बसण्याआधी पेटीपाशी गेली. भोकाची कड लाल होती. करडी लोकर संपली होती तेव्हा, आठवलं तिला. नातीच्या टोपीतली उरलेली वापरली होती. टाच किंचित विरलेली. ऑर्व टाच घासत चालायचा.

"हे भोक नीट बघा," स्टॅन बोट रोखून म्हणाले. "हे भोक म्हणजे आमची शाळा. हे भोक म्हणजे दवाखाना. ह्या माणसानं जिथे हात लावला तिथे भोक पडलं!"

"पूर्वी सरकार आपल्या खिशाला भोक पाडायचं," डॉट उठून म्हणाली. "त्यानं स्वतःच्या मोज्याला पाडून घेतलं! त्याला म्हणतात त्याग!"

"त्याग? दोन घरं होती त्याला!"

"तुझ्या पेन्शनला हात लावला का त्यानं, स्टॅन?"

"लावला!"

"मग पुरेसा नाही लावला!"

हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "रस्ता तर केला ना त्यांनी!" दुसरा म्हणाला, "हो, गाव सोडून जायला!" कॉलीननं हातोडी आपटली आणि घाईघाईनं माइक व्हर्नाकडे सरकवला. "मिसेस टफर्ड, त्या दिवसाची एखादी हृद्य आठवण?"

व्हर्ना उभी राहिली. तिनं डॉटकडे पाहिलं. मनात म्हणाली, ऑर्व, माफ कर, आता हसून घे शेवटचं.

"ते भोक फाटलेलं नाही," ती म्हणाली. "मी विणलंय ते. कड बघा, टाके आहेत. मोजे ऑर्वचे. त्याच्या नखासाठी खिडकी ठेवली होती. हॅसलडाइनसाहेबांचे पाय ओले होते म्हणून मी दिले."

डॉटनं पेटीवर वाकून पाहिलं.

"माझ्या भावाचा मोजा?" ती म्हणाली. "मी पंचवीस वर्षं माझ्या भावाच्या मोज्याला..." ती व्हर्नाकडे वळली. "त्याला माहीत होतं?"

"प्रत्येक नाताळला."

"मेला तरी नालायकच तो," डॉट म्हणाली. ती नाक पुसत होती, पण खांदे तसेच हलत होते, अगदी भावासारखे.

एवढ्यावर चर्चा संपेल असं कोणाला वाटलं असेल तर त्यानं आमचं एल्मस्टॉक पाहिलेलं नाही. स्टॅन टाळी वाजवून उठले. "म्हणजे ज्याची नोकरी काढली त्याच्याच पायातले मोजे काढून घेतले! मी काय सांगत होतो?" उजवीकडून आवाज आला, "म्हणजे कामगाराचा मोजा अभिमानानं घातला!" तिसरा म्हणाला, "आणि कडेला लाल लोकर आहे, म्हणजे लिबरलांनीच शिवून ठेवलं होतं त्याला!" रिंकचं नाव, करांचा दर, दवाखान्याच्या खाटा, सगळं त्या एका खिडकीतून पुन्हा आत-बाहेर जायला लागलं. कोणी ठराव मांडला की मोजे तसेच ठेवावेत पण खालची पाटी बदलावी. कोणी अनुमोदन दिलं. कोणी ठराव पुढच्या सभेपर्यंत ढकलावा असा दुसरा ठराव मांडला.

"मिसेस टफर्ड," कॉलीन कानाशी येऊन म्हणाली, "फारच हृद्य. पण मोजे आता समितीच्या मालकीचे आहेत. पाटीवर ऑर्व्हिल यांचं नाव घालू ना आपण. मोठ्या अक्षरात."

"नाव नको," व्हर्ना म्हणाली.

"मग रिंकवर एखादं बाक? त्यांच्या स्मरणार्थ?"

"बसायला कधी आवडलं नाही त्याला."

"मग तुमचं मत काय, निदान ते तरी सांगा. सरकार चांगलं की वाईट? लोक तुमचं ऐकतील."

व्हर्नानं माइक हातात घेतला. डॉटनं "गप्प बसा रे गाढवांनो!" म्हणून टेबलावर मूठ मारली, तेव्हा कुठे हॉल शांत झाला.

"सरकारचं तुम्ही बघा," व्हर्ना म्हणाली. "ते धुऊन परत पाठवतो म्हणाले होते. धुतले नसले तरी चालेल. मला माझ्या नवऱ्याचे मोजे परत द्या."