सारसोळ्यातली फुयारा

पहाटेच्या एसटीने मी मिरज सोडलं तेव्हा खिशात एक तार होती : 'हत्यारं घेऊन ताबडतोब ये. शालन.' शालन माझी धाकटी बहीण. आम्ही सनया बनवणारी माणसं. आमच्या घरात हत्यारं म्हणजे गिरमिट, पटाशी, कानस. पण तार आणून देणाऱ्या पोस्टमनने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली. बायको म्हणाली, "तिथं काही मारामारी तर झाली नसेल?" मी तिला धीर दिला, पण बस पुण्याच्या पुढे गेली तरी माझं लक्ष कशातच नव्हतं. शालनच्या नवऱ्याला, दौलतरावांना, तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला लागून दोन वर्षं झाली होती. तिथे काही झालं असेल, तर माझी हत्यारं कशाला? आणि काही झालं नसेल, तर ताबडतोब का?

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा बरीचशी नकाशावर होती. पनवेलला बस बदलली आणि खाडीच्या बाजूला मैलच्या मैल उघडी जमीन दिसू लागली. मधेच चार मजली नव्या इमारती, त्यांच्याभोवती मातीचे ढीग, आणि त्याच्या पलीकडे मिठागरांचे चौकोन उन्हात चमकत होते. शेजारी एक म्हातारा मिठागरवाला बसला होता. मी सारसोळ्याला निघालोय म्हटल्यावर त्याने माझ्या नव्या चपलांकडे पाहिलं.

"बांधावरनंच चाल," तो म्हणाला. "खाजनात उतरू नको. भरतीचा टाइम हाय."

खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती चिखलाची जमीन. मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. बांध कुठला आणि खाजण कुठलं, हे मला कुठून कळणार? नेरुळला उतरून जवळची वाट म्हणून जिकडे वळलो, तिथे वीसेक पावलांत गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय ओढावा तितका चिखल तो धरून ठेवत होता. दोन्ही बाजूंनी पाणी हळूहळू वर येत होतं, काहीही आवाज न करता. पिशवी डोक्यावर धरून मी कसाबसा बांधावर चढलो. एक चप्पल तिथेच राहिली. 

शालन हिराबाई नावाच्या कोळणीच्या खोलीत भाड्याने राहत होती. दारात हिराबाईच भेटली. माझा अवतार बघून तिने आधी पायांवर पाणी ओतलं.

"घाबरू नको रं," ती म्हणाली. "कोन मेला नाय. एक लाकूर मोरलाय."

आत शालन भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर गुंडाळलेली चटई होती, माणसाएवढ्या लांबीची. ती चटई पाहून मात्र मी दारातच थांबलो. शालनने ती उलगडली. आत खरोखरच लाकूड होतं. पण असं लाकूड मी कधी पाहिलं नव्हतं.

जवळपास माझ्या उंचीची, मनगटाहून जाड अशी एक बासरी. अंगभर पानंफुलं आणि मेंढ्यांची नक्षी. खालच्या टोकाकडे फक्त तीन भोकं. वरच्या टोकापासून अर्ध्यापर्यंत तडा गेला होता, आणि बाजूला बांधलेली हातभर लांब नळी तुटून वेगळी झाली होती.

शालन जवळच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायची. तिथे श्टेफान नावाचे इंजिनियर साहेब राहत. यंत्रं बसवून देण्यासाठी ते युरोपातल्या स्लोव्हाकिया नावाच्या मुलखातून आले होते. ही फुयारा त्यांची. तिकडच्या डोंगरातले मेंढपाळ ती वाजवतात, असं त्यांनी शालनला एकदा सांगितलं होतं. साहेब पंधरा दिवसांसाठी बिहारकडच्या कारखान्यात गेले होते. मागे शालनने फुयारा पुसायला म्हणून भिंतीवरून खाली घेतली, उभी धरली, आणि वरचा पंखा चालू होता.

"शनिवारी येणार आहेत ते," ती म्हणाली. "दादा, मागच्या वर्षी तिथल्या एका बाईवर घड्याळ चोरल्याचा आळ आला. पोलीस घेऊन गेले. घड्याळ नंतर सापडलं, पण ती बाई परत आलीच नाही. आणि मी तर ही वस्तू चटईत घालून वॉचमनसमोरून बाहेर आणली आहे."

दौलतराव कोपऱ्यात बसून होते. "मी म्हणत होतो, तिथंच ठेवून दे, खिळ्यावरून आपोआप पडली म्हणून सांग," ते म्हणाले. "आता टेन्शन डबल झालं."

दिवस मंगळवारचा होता. हिराबाईने निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. निवटे म्हणजे चिखलात पळणारे छोटे मासे. ज्या चिखलात मी मघाशी फसलो होतो, त्यातलेच. चव फार चांगली होती, पण घास गिळताना प्रत्येक वेळी कान बाहेर लागलेला असायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. तडा उघडा होता तोवर आत डोकावून घेतलं. एवढ्या लांब लाकडात वरपासून खालपर्यंत एकसारखं, सरळ भोक पाडणारा माणूस मोठा कसबी असला पाहिजे. सनई मी वीतभर पोखरतो तरी घाम फुटतो. फुंक बाजूच्या नळीतून वर चढते, तिथल्या खाचेतून वळून खाली येते आणि खिडकीसारख्या भोकाच्या तासलेल्या धारेवर आपटते, तिथेच सूर उमटतो. हे समजायला अर्धा दिवस गेला. मग सरस उकळून तड्यात भरला, हिराबाईच्या जाळ्याच्या दोरीने सगळं करकचून बांधलं. तुटलेली नळी जुळण्यासारखी नव्हती. तशीच दुसरी शिवणीच्या लाकडातून काढली आणि चहाच्या पाण्याने रंगवली.

गुरुवारी दुपारी दोरी सोडली. वाजते की नाही ते बघायलाच हवं होतं. मी सनईच्या सवयीने छाती भरून फुंकलं. फुयारा किंचाळली. वरून खाली सुरांची घसरगुंडी लागली, आणि बाहेर गल्लीत कुत्री भुंकू लागली. दौलतरावांनी धावत जाऊन दार लावलं. दुसऱ्यांदा फुंकताना घाबरूनच फुंक हलकी सुटली, आणि तेव्हा तिचा खरा आवाज आला. अगदी खालचा, जाड, अंगात शिरणारा. सनईला जोर लागतो. हिला जोर केला की ती वर पळते, हळू श्वास दिला की खाली येऊन बसते. पण त्या खालच्या सुरात एक बारीक भुणभुण होती. तड्याची. ती मला काही केल्या काढता आली नाही.

"बाहेरून काही दिसत नाही," दौलतराव म्हणाले.

"दिसत नाही," मी म्हणालो. वस्तूतली खोट झाकणं मला येत होतं.  शालन फुयारेकडे बघत होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं चटई घेऊन क्वार्टर्सकडे निघालो. साहेब यायच्या आत ती भिंतीवर टांगायची आणि मुकाट परत यायचं, असं ठरलं होतं. फाटकाजवळ वॉचमनने विचारलं, "काय बाई, चटई धुवायला नेलीवती काय?" शालनने मान हलवली. तिच्या कपाळावरून घाम ओघळताना मला दिसत होता. आम्ही वळण घेतलं आणि थांबलो. घरापुढे जीप उभी होती. साहेब एक दिवस आधीच आले होते. पायरीवर बसून ते बुटाच्या नाड्या सोडत होते.

पळायचं तरी कुठे? उंच, लाल चेहऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग चटईकडे. मी मनात पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आणलं : खिळा निसटला, साहेब.

"साहब, मैंने तोड़ा," शालन म्हणाली. "मेरे हाथ से टूटा. भाई ने जोड़ा."

मी चटई खाली ठेवली. साहेबांनी ती उलगडली. सरस भरलेल्या जागेवरून त्यांचं बोट वरपासून खालपर्यंत फिरलं, जराही न चुकता. मी दोन दिवस खपून लपवलेला तडा त्यांना डोळ्यांनी बघावासुद्धा लागला नाही. त्यांनी नळी तोंडाला लावली. आधी ती सुरांची घसरगुंडी आली, ज्याला ते 'रोझफुक' (वाजवण्याआधीची मोकळी फुंक) म्हणत, आणि मग खालचा सूर. भुणभुणीसकट. त्यांनी फुयारा खाली ठेवली. चेहरा आणखी लाल झाला होता.

"मेरा बाप बनाया," ते म्हणाले. "बाप अब नहीं." मग मोठ्याने, "जाओ!"

आम्ही तसेच परत आलो. त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. दौलतराव मिरजेला निघून जाण्याची भाषा करत होते. मी म्हणालो, पळालो तर चोरीच ठरेल. शालन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सकाळी जीप सारसोळ्यात शिरली. गावातल्या बायका दारांत आल्या. हिराबाई ओरडली, "गोरा आलाय, गोरा! हातात पार हाय!" पार म्हणजे पहार. मी फटीतून पाहिलं. साहेब खरंच लांब लोखंडी सळई घेऊन एकेका घरापुढे थांबत येत होते. दौलतरावांनी कडी घातली आणि पाठीने दार दाबून धरलं. माझ्या हातात पटाशी होती. ती मी केव्हा उचलली, हे मला कळलंच नव्हतं. शालनने ती माझ्या हातातून काढून घेतली, नवऱ्याला बाजूला केलं आणि कडी काढली.

साहेब वाकून आत आले. सळई त्यांनी जमिनीवर ठेवली. तिचं टोक ठोकून चमच्यासारखं केलेलं होतं आणि कडेला धार होती. ते गिरमिट होतं, सहा फुटी. कारखान्याच्या लोहाराला गाठून त्यांनी ते रातोरात करून घेतलं होतं.

"लकड़ी किधर मिलेगा?" त्यांनी मला विचारलं.

 मग शालनने त्यांना पाटावर बसवलं आणि पाणी दिलं. मोडक्या हिंदीत त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील 'बाचा' होते, म्हणजे डोंगरातल्या मेंढपाळांचे म्होरके. ते फुयारा बनवत आणि मुलाला शिकवू पाहत. मुलगा सोळाव्या वर्षी कारखान्यात पळाला. भोक कसं पाडायचं ते त्याने पाहिलं होतं, पण धार कशी कापायची, सूर कसा आणायचा, ते शिकायचं राहून गेलं. "कल मैं बहुत ग़ुस्सा," ते म्हणाले. "अभी भी है. लेकिन तुम नली बनाया, वो नली ठीक बोलता है. तुम धार काटो. मैं होल करेगा."

पनवेलच्या वखारीतून आम्ही शिवणीचे दोन लांब, जाड वासे आणले आणि ते तासून गोल केले. हिराबाईच्या अंगणात, होड्या दुरुस्त करायच्या ठोकळ्यांवर काम सुरू झालं. साहेब गिरमिट फिरवत, मी समोरच्या टोकाला डोळा लावून ते सरळ चाललंय का बघत असे. भीती गेली नव्हती. कोणी सहज बोललं तरी शालन दचकायची. पहिल्या लाकडात तिसऱ्या दिवशी गिरमिटाचं टोक बाजूने बाहेर आलं. साहेबांनी काहीतरी आपल्या भाषेत म्हटलं आणि लाकूड उचलून खाडीत भिरकावलं.  थोड्या वेळाने ते स्वतःच पाण्यात उतरले, ते परत घेऊन आले आणि हिराबाईला दिलं, "चूल्हा के लिए." हिराबाई हसली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी त्या अंगणात कोणाचं हसणं ऐकलं.

दुसरं लाकूड दोन्ही बाजूंनी पोखरलं. भोकं मधोमध भेटली तेव्हा आरपार रुपयाएवढा उजेड दिसला. धार मी कापली. एका वेळी केसाएवढंच लाकूड काढायचं आणि थांबून बघायचं, असं करत. तीन भोकांच्या जागा साहेबांनी जुन्या फुयारेवरून मापून दिल्या.

पहिली फुंक कोणी मारायची? साहेबांनी शालनकडे बोट दाखवलं. ती दोन पावलं मागे सरली.

"नको, साहेब. मला भीती वाटते."

"मुझे भी," साहेब म्हणाले.

तिने नळी ओठांना लावली. तिला जोर करता येत नव्हता, म्हणून आधी नुसती हवा गेली. मग खालचा सूर आला. स्वच्छ, भुणभुणीशिवाय. जुनीसारखा नव्हता तो, थोडा कोवळा होता. साहेब खाडीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

शालनचं काम सुटलं नाही. पण साहेब तिच्याशी पूर्वीसारखे बोलत नाहीत, असं तिने मला बसथांब्यावर सांगितलं. जुनी फुयारा त्यांनी पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं. नवी भिंतीवर होती.

"तू खरं का सांगितलंस गं? सगळं ठरलं होतं ना आपलं?" मी विचारलं.

"तू गुरुवारी फुंकलंस तेव्हा मला त्यातलं फुटलेलं ऐकू आलं," ती म्हणाली. "मला ऐकू आलं, तर त्यांना येणार नाही? मग रोज त्या घरात जायचं आणि रोज वाट बघायची, आज कळेल की उद्या? एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हटलं."

परतीच्या बसमध्ये मी त्यावर खूप विचार केला. आमच्या धंद्यात केसाएवढ्या चिरेत लाख भरून सनई विकणं ही काही मोठी गोष्ट मानत नाहीत. मीही ते केलं आहे, किती वेळा ते सांगवत नाही. मिरजेला पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेळगावकडचा एक वाजंत्रीवाला सनई न्यायला आला. लग्नसराई तोंडावर होती. त्याची सनई तयार होती, चकचकीत, आणि तिच्या पोटात लाख भरलेली चीर होती. त्याने ती फिरवून फिरवून पाहिली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

तो ती कापडात गुंडाळू लागला तेव्हा मी तिच्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "थांबा. हिच्यात चीर आहे. मीच बुजवली आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सनई खाली ठेवून शेजारच्या कारागिराच्या दुकानात गेला. मी दारात उभा राहून त्याची पाठ बघत होतो.  मग आत येऊन मी नवं लाकूड काढलं.