मनकर्णावहिनीची साक्ष

उंद्रीच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर मनकर्णावहिनी करायची. चर्च म्हणजे गावाच्या कडेला कौलं घातलेली एक लांबट खोली. दाराशी लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला, तो वाजवला की घंटा झाली. मंडळी सगळी बारा घरांची. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी वहिनी गव्हाचं पीठ घ्यायची, मीठ न घालता एकच जाड भाकर तव्यावर टाकायची आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, ती मोडायचे. बारा घरं त्या एका भाकरीतून खायची.

मी त्या धर्माचा नाही. मी नाटकातला माणूस, बावीस वर्षं स्त्रीपार्ट केले. कंपनी बुडाली तेव्हा बाजाची पेटी तेवढी वाचली, ती घेऊन चिखलीला येऊन राहिलो. तिथे एक दिवस उंद्रीचे शांतवन पाळक आले आणि म्हणाले, "रंगराव, आमच्या मंडळींना नाताळचं नाटक बसवून द्या." तेव्हापासून दर डिसेंबरात पंधरा दिवस माझा मुक्काम उंद्रीला. जेवण शालिग्रामकडे. हा वहिनीचा नवरा. दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा आणि रात्री आमच्या नाटकात दुष्ट राजा व्हायचा. त्यांची एकुलती एक मुलगी एस्तेर, पंधरा वर्षांची, देवदूत. पंख कागदाचे, कामट्यांवर चिकटवलेले.

वहिनीचं हसणं मोठं होतं. शालिग्राम पुठ्ठ्याचा मुकुट सावरत "धरा त्याले!" असं गरजला, की ही मागून अशी खदखदायची की तालीम थांबायची.

"वहिनी, राजा आहे तो," मी म्हणायचो.

"राजा कायचा, भाऊजी? सकाळी लोटा शोधून राह्यला होता!"

मी पुष्कळ नट्या पाहिल्या, पुष्कळ नटांना नट्या होताना पाहिलं. पण असं पोटातून हसणारं माणूस मी थिएटरात कधी पाहिलं नाही, आणि हे मी सगळ्यांची माफी मागून लिहितो.

चौसष्टच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. शालिग्राम मंगळवारी गेला, एस्तेर पुढच्या सोमवारी. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी गेलो. वहिनी अंगणात भांडी घासत होती. मला पाहून उठली, हात पुसले.

"या भाऊजी. चहा घेता?"

एवढंच. मी रडत होतो. मला रडायला काय लागतं, सवयच ती. ती चुलीपाशी बसून चहाला उकळी येईपर्यंत भांड्याकडे बघत राहिली.

समोरच्या घरात तानुबाई राहायच्या, भाजीपाला पिकवून विकणाऱ्या, जिभेच्या तिखट. त्यांनी मला रस्त्यातच गाठलं. "दोन मुडदे उठले घरातून, अन् हिच्या डोयातून टिपूस नाही. छाती बडवली नाही, हंबरडा नाही. दगडाची हाय का बाई?" त्या स्वतः मात्र त्या आठ दिवसांत दोन वेळचं जेवण हिच्या दारात ठेवून जात होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

मंडळीतल्या लोकांनी त्याच कोरड्या डोळ्यांचा वेगळा अर्थ लावला. पाळक मला म्हणाले, "रंगराव, याला म्हणतात विश्वास. नवरा गेला, लेक गेली, आणि ही बाई पुढच्या रविवारी भाकर घेऊन हजर. एक अश्रू नाही. प्रभूने तिचं दुःख आनंदात बदललं." शांतवन पाळक भला माणूस. सायकलवर पाच-पाच गावं करायचे, स्वतःच्या अंगावरचा कोट काढून देणारे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच दिसलं.

आणि मी? मलाही तसंच दिसलं. स्टेजवर न रडता दुःख दाखवणारी बाई ही सगळ्यात मोठी नटी, हे मी किती जणांना शिकवलं होतं.

दीड वर्ष गेलं. चिखलीबाहेरच्या आमराईत दरसाल मंडळ्यांचा मेळावा भरायचा. धामणगाव बढेपासून लोक बैलगाड्या करून यायचे, चार-पाचशे माणूस, तीन दिवस. तिथे साक्ष द्यायची पद्धत आहे. एकेकाने उभं राहून सांगायचं, प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं. त्या वर्षीची मुख्य साक्ष मनकर्णावहिनीची ठरली. विषय, दुःखातला आनंद. पाळक माझ्याकडे आले. "तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. तुम्ही जरा तयार करून द्या."

मी आनंदाने लिहून काढलं. चार कागद. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, कुठे पदर डोळ्याला नुसता लावायचा, सगळं. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या प्रभूने माझे अश्रू पुसले.' त्यानंतर लांब थांबायचं.

तालमीला मी तिच्या घरी गेलो. ती भाकरी थापत होती. मी वाचत होतो, ती "हाव, हाव" करत होती. तव्यावरची भाकर तिने बोटांनी उलटली आणि बोटं तिथेच टेकलेली राहिली. मला वाटलं आता काढेल. काढली नाहीत.

"वहिनी, हात!"

तिने हात उचलून पाहिला. दोन बोटं लाल झाली होती. "हो का," ती म्हणाली, आणि पाण्यात बुडवली.

मी पुढचं वाचायचं विसरलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "भाऊजी, हे बोललं का भाकर माह्याकडेच राहीन ना?"

"कोणती भाकर?"

"प्रभुभोजनाची. मानिकराव वडील म्हनत होते, साक्ष चांगली झाली तं तुह्या भाकरीले मान येईन." माणिकराव म्हणजे मंडळीचे वडील, चर्चचा कारभार पाहणारे पंच, शिस्तीचे कडक. "मले मान नाही पाह्यजे. भाकर तेवढी राहू द्या. बाकी कशात हात चालत नाही. तेवढ्यात चालतो."

"राहील, राहील," मी म्हणालो. "तुम्ही फक्त त्या जागी थांबायला विसरू नका."

मला आजही ते वाक्य आठवलं की माझीच लाज वाटते.

मेळाव्याचा तिसरा दिवस. आंब्याखाली मांडव, खाली ज्वारीच्या कडब्यावर सतरंज्या. मी बाजूला पेटी घेऊन बसलो होतो. बाहेरगावच्या एका पाहुण्या उपदेशकांनी ओळख करून दिली. "पाहा ही आपली बहीण! मृत्यू हिच्या दारात दोनदा आला आणि हिच्या डोळ्यात त्याला अश्रू दिसला नाही!" लोकांनी 'आमेन' म्हटलं.

वहिनी उभी राहिली. पांढरं लुगडं, पदर डोक्यावर. हातातले माझे कागद तिने घडी घालून ठेवले होते. तिला वाचता येत नव्हतंच, पाठ केलं होतं.

"माझ्या प्रभूने माझे अश्रू पुसले."

आणि थांबली. मी मनात म्हटलं, वा! काय थांबली! लोक शांत. ती थांबलीच होती. शांतता लांबत गेली, तशी ती माझ्या हिशोबाबाहेर गेली. मग ती आपल्या बोलीत म्हणाली,

"पुसायले होते कुठी?"

कुणाला काही कळलं नाही.

"मी रडली नाही, ते इश्वासानं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मले काही वाटतच नाही. दीड वरीस झालं. भाकरीले चव नाही. प्रार्थना करतो तं नुसतं तोंड हालते. एस्तेरचं नाव घेतलं तं वाटते, दुसऱ्या कोनाची पोरगी व्हय. तुमी आनंद आनंद म्हनता. तो माह्यापाशी नाही. लोकायले वाटते हाय, म्हनून मी गप बसली. पन इथी उभं राहून कसं म्हनू?" मग म्हणाली, "तरी मी दर ऐतवारी येतो. मांगच्या खांबापाशी बसतो. प्रभू काही बोलत नाही, मी काही बोलत नाही. बस, एवढंच हाय."

आणि बसली.

मांडवात एक लेकरू रडत होतं, तेवढाच आवाज. पाळकांनी मला खूण केली, पेटी वाजवा. माझी बोटं पट्ट्यांवर होती, पण भाता दाबायला हात उठेना. पाहुण्या उपदेशकांनी डोळे मिटून मोठी प्रार्थना केली. तिच्यात वहिनीचं नाव नव्हतं.

नाताळ आणि नवं वर्ष निघून गेलं. त्या वर्षी उंद्रीत नाटक झालं नाही, पण मी गेलोच. माणिकरावांनी मंडळीपुढे विषय काढला होता. जिच्या मनात आनंद नाही तिच्या हातची भाकर प्रभूच्या मेजावर कशी ठेवायची? पाळकांनी विरोध केला नाही. तेही दुखावले होते. जानेवारीची भाकर केसरबाईंकडे गेली.

शनिवारी संध्याकाळी मी वहिनीच्या ओसरीत बसलो होतो. ती चुलीपुढे रिकामी बसली होती. चूल पेटवली नव्हती. हात मांडीवर उलटे ठेवलेले, जणू कुणीतरी ते तिच्याकडे ठेवायला दिले आहेत. मी दोन-तीन गोष्टी बोललो, नाटकाच्या, कंपनीच्या. तिने "हाव" म्हटलं.

दारात केसरबाई आल्या, परातीत पीठ घेऊन. सहा लेकरांची आई, मंडळीत सगळ्यात खणखणीत आवाजात भजन म्हणणारी बाई. आत येऊन परात धाडकन खाली ठेवली.

"काऊन वं, चूल काऊन नाही पेटवली?"

"भाकर तुह्याकडे हाय ना."

"हाय. मले नाही जमत बिनमिठाची. दोघी करू."

"मानिकराव रागावतीन."

"रागावू दे. त्याले कुठी भाकर थापता येते?" केसरबाई पीठ भिजवायला लागल्या. मग पिठाकडेच बघत म्हणाल्या, "माह्या रमेशाच्या आधी एक होता. चार महिन्याचा. तो गेल्यावर मलेबी काही वाटलं नाही. तीन वरीस. तीन वरीस मी भजन म्हनलं ना, मोठ्यानं, सगळ्याइच्या वरतून, का कोनाले समजू नये. आजपरेंत कोनाले सांगतलं नाही बाप्पा. नवऱ्यालेबी नाही."

आणि ती मोठ्या आवाजाची बाई परातीवर वाकून रडायला लागली. पीठ हलत होतं. वहिनीने तिला उगी म्हटलं नाही, शास्त्रातलं काही सांगितलं नाही. पुढे सरकली आणि पीठ आपल्या हाताखाली घेतलं. दोघींचे हात एका परातीत. वहिनी कोरड्या डोळ्यांनी मळत होती.

सकाळी चर्चमध्ये केसरबाईंनी फडकं पाळकांच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोघीनं केली. चालत नसन तं आज उपाशी राहा."

माणिकराव उठले. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या खांबाकडे पाहिलं. फडकं सोडलं आणि भाकर मोडली. माणिकराव उभेच होते. भाकर फिरत त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी तुकडा घेतला आणि खाली बसले.

यानंतर काही चमत्कार झाला नाही. मी नाटकवाला, मला तो हवा होता. पुढच्या अंकात पडदा वर गेला की नायिका हसते, असं काही. तसं झालं नाही. झालं ते असं, की बायका तिच्याकडे येऊ लागल्या. आधी मंडळीतल्या, मग गावातल्या. जिचं कुणी गेलं असेल, जिचा नवरा टाकून गेला असेल, ती येऊन तिच्या चुलीपाशी बसायची. वहिनी बोलायची नाही. भाकर थापायची. कुणाच्या घरी मयत झाली तर ती जाऊन भिंतीशी बसायची आणि सगळे उठून गेल्यावर उठायची. तानुबाई म्हणाल्या, "इच्यापाशी बसलं का रडायची बी सक्ती नाही अन् न रडायची बी नाही."

आणखी जवळजवळ तीन वर्षांनी, अडुसष्टच्या डिसेंबरात, मी उंद्रीला पोचलो तर गल्लीत भांडण चाललेलं. तानुबाईंची कोंबडी वहिनीच्या कोथिंबिरीत शिरली होती, आणि वहिनी कमरेला पदर खोचून तानुबाईंच्या सात पिढ्यांच्या कोंबड्यांचा उद्धार करत होती. तानुबाई मला पाहून भांडण अर्धं सोडून धावत आल्या. डोळ्यात पाणी. "पाह्यलं का मास्तर? भांडून राह्यली! चार वरीस मी काहीबी बोलली तं नुसतं हाव म्हने. आज मले भवाने म्हनली!"

त्या वर्षी नाटक बसवलं. माणिकरावांनाच दुष्ट राजा केला. 'धरा त्याला' म्हणताना त्यांचा मुकुट नाकावर घसरला, आणि मागून ते हसू आलं. मी पेटी थांबवली. ती हसत होती, आणि हसता हसता एस्तेरचं नाव घेऊन रडत होती. साडेचार वर्षांनी. केसरबाईंनी तिला धरलं. तालीम त्या दिवशी पुढे झाली नाही, कुणी करा म्हटलंही नाही.

पाळक दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीत आले. माझ्यासमोरच म्हणाले, "मनकर्णाबाई, त्या वेळी चूक आमची होती. आता मात्र मेळाव्यात सांगा. आता खरी साक्ष आहे."

ती चुलीपाशी होती. "नाही पाळकसाहेब."

"का? आनंद आला ना?"

"आला." तिने भाकर उलटली. "पन गाजावाजा करून नाही आला. पाव्हना येऊन ओसरीत बसून राह्यते अन् आपून पानी टाकाले बाहीर जातो तवा दिसते, तसा. कवा आला, मले मालूम नाही. मले वाटते, मी खांबापाशी बसत होती तवाच येऊन बसला असन." मग हसून म्हणाली, "त्याले मांडवात नेऊन उभं केलं तं उठून जाईन. राहू द्या. मी भाकर करतो."

पाळकांनी मान हलवली. त्यांनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि कुणाच्या कोरड्या डोळ्यांवरून विश्वासाचा अर्थ त्यांनी पुन्हा कधी लावला नाही.

त्या दिवशी वहिनीने पुढ्यात ठेवलेल्या ताटाकडे मी घाईने हात नेला. भाकर तव्यावरून नुकतीच उतरली होती.

"थांबा भाऊजी," वहिनी म्हणाली. "चटका बसन."