ऑर्विलचा कोळी आणि बर्निसची शेपू

ऑर्विल टोरसनने तीस वर्षं आमच्या गावात टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर तो किड्यांचे फोटो काढायच्या मागे लागला. त्यासाठी खास महागडी लेन्स लागते. ऑर्विल ती कसली घेतोय! त्याने कॅमेऱ्याला लांब लेन्स लावली, तिच्या तोंडावर दुसरी जुनी लेन्स उलटी टेकवली आणि दोन्हींना काळी चिकटपट्टी गुंडाळली. मुंगीला मिशा असतात हे गावाला तेव्हा कळलं. अडचण एकच, किडा बोटभर अंतरावर लागतो आणि जरा हलला की फोटो गेला. म्हणून ऑर्विल किडे फ्रिजमध्ये गारठवायचा.

आमच्याकडे लोण्याचा रिकामा डबा कोणी टाकत नाही. बर्निसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, फ्रिजमध्ये असे एकसारखे नऊ डबे होते, काहींत तिचं खाणं, काहींत त्याचे किडे.

काउंटीच्या जत्रेतल्या फोटोस्पर्धेत सात वर्षं ऑर्विलला दुसऱ्या नंबराची लाल फीत मिळत होती. पहिल्याची निळी फीत न मिळवता मरायचं नाही, असं तो सगळ्यांना सांगे. यंदा त्याने टपोऱ्या डोळ्यांचा कोळी पकडला होता. फोटो सोमवारी द्यायचा होता.

रविवारी चर्चच्या जेवणात बर्निसने बटाट्याच्या सॅलडवर शेपू भुरभुरायला डबा उपडा केला आणि मधोमध कोळी पडला. मी रांगेत मागेच होतो, ताट तसंच खाली ठेवलं.

तेवढ्यात घरी डब्यात शेपू सापडलेला ऑर्विल कॅमेरा घेऊन सपाता घालूनच धावत आला.

"टेबलाला कोणी हात लावू नका," तो म्हणाला आणि टेबलावर पालथा पडला, छाती नेमकी घेवड्याच्या भांड्यात. "बर्निस, बॅटरी धर."

"घरी चल, मग बघते तुझ्याकडे," ती म्हणाली. पण बॅटरी धरली. ऑर्विलने श्वास रोखला, लालबुंद झाला, एकदाच बटण दाबलं आणि कोळी पास्टरच्या बाहीवर उडाला.

जत्रेत फोटोला पुन्हा लाल फीत. खाली परीक्षकांचा शेरा होता: 'कोळ्याच्या डोळ्यांत कुणीतरी चिडलेली बाई दिसते, त्यामुळे लक्ष विचलित होतं.'

ऑर्विल इतका खचला की मलाच वाईट वाटलं. बर्निसने शेरा दोनदा वाचला. घरी येऊन तिने शिवणाच्या पेटीतली निळी रिबन कापली आणि फ्रिजवर लावलेल्या त्या फोटोला टाचली.

"कुणीतरी बाई म्हणे," ती म्हणाली.