पूर्ण न मिटलेलं पिस्तूल

ताईला जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येणारे तिच्या वर्दीबद्दल बोलतात. मला तिची बोटं आठवतात.

नाशिकजवळ आमचा गुलाबाचा मळा होता. लहानपणापासून कळ्या तोडून तिचा हात फार हलका झालेला. नव्वदच्या दशकात ती फौजदारकीच्या प्रशिक्षणाला गेली आणि तिथे नेमका हा हलकेपणाच आडवा आला. पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढून सोडून द्यायची असते. स्प्रिंगच्या जोराने ती आपटून मिटते. ताई ती हाताने धरून हळूच पुढे न्यायची. मग स्लाइड थोडी अलीकडेच अडकायची आणि चाप ओढूनही गोळी सुटायची नाही. शिकवणारे उस्ताद सगळ्यांसमोर ओरडायचे, “बाई, लेकीला सासरी पोचवायला निघालीस का? सोड तिला!” नेमबाजीत नापास झाली, तर वर्दी मिळणार नव्हती.

रविवारी ती घरी आली तेव्हा मी विचारलं, “पण असं अर्धवट मिटलेलं असताना उडालं तर?”

“नाही उडत रे. स्लाइड मागे राहिली की चापाचा जोर आत पोचतच नाही. तशी रचनाच असते.”

“कधीच नाही?”

“अगदी केसभर फट असेल, तर एखादं उडूही शकतं. मग काडतूस तिथेच फुटून हातातोंडाला लागतं. म्हणून नाही उडालं तरी पिस्तुलाचं तोंड समोरच धरायचं. झालं समाधान, पंडित?”

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, हे आमच्या लक्षात आलं नाही.

दुपारी ताई मळ्यात गुलाबाची फांदी मागे ओढून झटकन सोडायचा सराव करू लागली.

“कळ्या झडतात ना, बये!” आई आधी ओरडली. मग स्वतःच तिला विहिरीकडच्या वाफ्यात घेऊन गेली. तिथली फुलं दुसऱ्या दिवशी बाजारात जायची होती.

“इथं कर,” आई म्हणाली. “झडू दे.”

परीक्षेच्या दिवशी शेजाऱ्यांकडे फोन आला. मी आईच्या कानाला कान लावून उभा राहिलो.

“आई, पास झाले! एकदाही अडकलं नाही.”

आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “हाताला कुठं लागलं नाही ना गं?”

पलीकडे ताई रडायला लागली. आई तिला गप्प हो म्हणाली नाही, आणि तिने फोनही ठेवला नाही.