काकांचा डावा गाल

गणपतीचे डोळे आखून झाले की काका ब्रश कानावर खोचायचे, मूर्तीपुढं जरा वाकायचे आणि म्हणायचे, "हां, बघ आता."

पेणच्या कारखान्यात मी त्यांच्या शेजारी बसून मूर्तींच्या अंगाचा रंग मारायचो. असा शांत माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. रागावला तरी आवाज चढत नाही.

त्यांच्या डाव्या गालावर तांबूस डाग होता. वर्षानुवर्षं हळूहळू पसरत चाललेला. त्यावर काकांचा उपाय ठरलेला: मूर्तीला देतो तोच गुलाबी रंग रोज सकाळी गालाला. "गणपतीला चालतो, मला नाय चालनार व्हय?" एका बाजूनं ते अगदी देवासारखे तुकतुकीत दिसत. आम्ही खूप चिडवायचो.

एकदा उकाड्यात, रोह्याच्या गिऱ्हाइकासमोरच तो रंग घामानं ओघळला. डाग पाहून गृहस्थ मागं सरकले. "महारोग्याच्या हातचे डोळे नकोत आम्हाला." शेठ भला, पण घाबरला. त्यानं काकांना मागच्या खोलीत उंदीर रंगवायला बसवलं. मला ते बघवेना.

मीच त्यांना कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गालाचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निघाला कातडीचा क्षय.

"क्षय? मला तर खोकलापन नाय!"

"कातडीलाही होतो. महारोग नाही हा. गोळ्यांनी बरा होईल."

काका तिथंच रडले.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी ते धावत माझ्याकडे आले. लघवी नारिंगी झाली होती. "इतक्या वर्सांचा रंग आत मुरलेला, आता निघतोय बघ भायेर!" तो गोळ्यांचाच रंग आहे, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. काकांना ते काही पटलं नाही. मात्र त्या आनंदात त्यांनी एकही गोळी चुकवली नाही.

पुढच्या मोसमापर्यंत गाल बरा झाला, सुरकुतलेला व्रण तेवढा राहिला. शेठनं डोळे आखायचं काम परत दिलं, पण म्हणाला, आतच बसा. काकांनी पाट उचलला आणि थेट रस्त्याकडच्या दारात मांडला. रोह्याचे ते गृहस्थ आले, व्रणाकडे बघत राहिले.

"कातडीचा क्षय होता. बरा झाला," काका म्हणाले आणि पुन्हा मूर्तीकडे वळले. गृहस्थांनी तीच मूर्ती नेली.

पुढं काका कायमचे लेकीकडे कासूला निघाले. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी आली, खिडकीची जागाही होती. काका चढले आणि लगेच उतरले.

"काय झालं?"

"उजवीकडची हाय."

पुढच्या गाडीत डावीकडची मिळाली. सगळ्या स्टँडकडे गाल करून काका ऐटीत बसले.