शबानाच्या घरचे सोडणार नाहीत

हे मी कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, पुढे इतकी वर्षं जिच्याबरोबर खेळले त्या पार्टनरपाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. सांगून हलकं वाटेल अशातलाही भाग नाही. गुडघ्यात इंजेक्शन दिल्यावर बोटानं दाबलं तर दाबल्याचं कळतं, पण तो गुडघा आपला वाटत नाही. तसं झालंय या गोष्टीचं.

मी बॅडमिंटनची डबल्स खेळाडू होते. मूळची मिठबावची. राज्याकडून खेळले, देशाकडूनही थोड्या स्पर्धा खेळले, त्यावर मुंबईत नोकरी लागली. गुडघा गेला तेव्हा खेळ सोडला, आणि आता परत येऊन देवगडला मुलांना शिकवते. गावात माझ्या कौतुकाचा फलक लागला होता. त्यावरचं काही खोटं नव्हतं. मी खेळलेच होते. पण तिथपर्यंत पोचले कशी —

आधी शबानाबद्दल सांगते.

शबाना विजयदुर्गची. तिचे वडील, हुसेनचाचा, मासळीचा व्यापार करायचे. बर्फाच्या टेम्पोतून रोज संध्याकाळी ते तिला देवगडच्या हॉलवर आणायचे आणि खेळ संपेपर्यंत पायरीवर बसून राहायचे. विजयदुर्ग एका अंगाला, मिठबाव दुसऱ्या. तरी माझी एसटी चुकली की चाचा आधी मला घरी सोडायचे आणि मग उलटे फिरून आपल्या घरी जायचे. मुलीला असं अर्ध्या कपड्यात खेळवता, म्हणून नात्यातलं कुणी बोललं, तर चाचा हसून म्हणायचे, "तुमच्या पोरांका सर्विस करूक येता काय, तां आदी बघा."

कोर्टवर मी पुढे असायचे, नेटजवळ. शबाना मागे. तिचा स्मॅश असा यायचा की समोरच्यांना शटल कसंबसं परत ढकलण्यापलीकडे काही करता येत नसे. ते ढकललेलं, वर आलेलं शटल मी नेटजवळूनच खाली मारायचे. पॉइंट माझ्या रॅकेटवर संपायचा, म्हणून टाळ्या मला पडायच्या. शबानाला त्याचं कधी काही वाटलं नाही. "तू फुडे रव गो," म्हणायची, "मागचा मी बघतंय."

मला मात्र कळत होतं, कोण जिंकून देतंय ते. कळत होतं — हे लिहून ठेवते.

सोळा वर्षांच्या असताना आम्ही राज्य स्पर्धेला गेलो. उपांत्य फेरीत हरलो, पण चांगलं खेळून हरलो. सामना संपल्यावर शबाना चाचांना फोन करायला बाहेर गेली आणि मी बॅग भरत होते. तेवढ्यात एक प्रशिक्षक माझ्याजवळ आले. मोठं नाव होतं त्यांचं. त्यांच्या शिबिरात जागा मिळाली की पुढचा रस्ता उघडला, असं आम्ही सगळ्याच मुली समजायचो.

"ती मागे खेळणारी कुठंय?" त्यांनी विचारलं. "तिला शिबिराला घ्यायचंय. माझ्याकडच्या एका मुलीबरोबर तिची जोडी लावतो. घरचे पाठवतील ना तिच्या?"

ती मागे खेळणारी. माझं नावही त्यांनी विचारलं नव्हतं.

आणि मी म्हटलं — अगदी सहज, बॅगेची चेन लावता लावता — "नाही सर. तिचं लग्न ठरवतायत. शबानाच्या घरचे सोडणार नाहीत."

"वाटलंच मला," ते म्हणाले. एवढंच. फोन नंबर मागितला नाही, वडिलांना भेटतो म्हटलं नाही. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू येशील?"

‘घरचे सोडणार नाहीत’ हे वाक्य मी कुठून आणलं होतं? आमच्या घरात असं कुणी बोलत नसे. तिचा खांदा दुखतो असं सांगितलं असतं, तर त्यांनी डॉक्टरचं नाव विचारलं असतं. तिला शिकायचंय म्हटलं असतं, तर समजूत घालायला गेले असते. पण हे एक वाक्य असं, की ते कुणी तपासून बघत नाही. सोळाव्या वर्षी मला ते पक्कं माहीत होतं. रागाच्या भरात बोलले असं म्हणता येणार नाही. घाबरूनही नाही. मी ते निवडून काढलं होतं.

शबाना परत आली, तेव्हा तिनं सरांना माझ्याजवळून जाताना पाहिलं होतं. "सर काय म्हणाले गो? माझ्याबद्दल काय बोलले?"

"नाय," मी म्हटलं. "तुझ्याबद्दल काय नाय बोलले. मला शिबिराला बोलावलंय."

तिनं मला मिठी मारली.

मी शिबिराला निघाले त्या सकाळी चाचा आंब्याची पेटी घेऊन मिठबावला आले. ती पेटी त्यांनी स्वतः एसटीत चढवली. म्हणाले, "तू गेलंस म्हणजे आमचाच कोण तरी गेला." मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. तेही मला जमलं.

शबानाला नवी जोडीदार मिळाली नाही. वर्षभरात तिनं खेळ सोडला.

माझं पुढे बरं चाललं. एकदा परदेशात पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीशी गाठ पडली. दोघी लहानपणापासून एकत्र खेळत आलेल्या. त्यांच्यातली नेटवरची एकदाही मागे वळून बघत नव्हती. मी सारखी बघत होते. माझी पार्टनर वैतागून ओरडली, "मागे काय आहे तुझं?" आम्ही साफ हरलो. खोलीवर जाऊन मी अंघोळ केली आणि झोपले. झोप चांगली लागली.

आता वडिलांचा व्यापार शबाना बघते. लग्न तिनं बरंच उशिरा, स्वतःच्या पसंतीनं केलं. चाचा दोन वर्षांपूर्वी गेले. मी मातीच्या दिवशी त्यांच्या घरी गेले होते. सगळ्यांनी मला घरच्यासारखंच वागवलं.

गेल्या वर्षी शबाना तिच्या लेकीला घेऊन हॉलवर आली. पोरीनं विचारलं, "मम्मी, तू का नाय गेलंस गो फुडे? नानांनी सोडूक नाय काय?"

शबाना एकदम ताठ झाली. "माझ्या बापाचा नाव घेव नको. त्यान माका कधीच अडवूक नाय," ती म्हणाली. "माझोच खेळ कमी पडलो." मग माझ्याकडे बघून हसली. "हिका इचार. हिका म्हायत आसा."

पोर माझ्याकडे बघत राहिली. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मला बोलता आलं असतं.

मी म्हटलं, "चल, चहा घेऊया."

शबाना मला अधूनमधून जेवायला बोलावते. मी जाते. सुरमईची मोठी तुकडी ती माझ्याच ताटात वाढते. मी ती खाते.